मदत हवी आहे: दारू पीत नाही, तरी बायको माझ्या धाकाने माहेरी गेली. स्वतःला बदलायचं तर कुठे जायचं?

वावरकर

यवतमाळ जिल्ह्यातलं, आर्णीकडचं गाव. घरची शेती, कपाशी आणि तूर. बायको मुलीला घेऊन माहेरी आहे, कारंज्याकडे. भांडणात बरोबर कोण, हे विचारायला आलेलो नाही. मी काय करायचो ते आधी लिहितो, म्हणजे उत्तरं त्यावरच येतील.

तिचा मोबाईल तपासायचो. बचत गटातून तिने उचललेले पैसे काढून घ्यायचो आणि हप्ता थकला की तिलाच बोलायचो. भाजी बिघडली की ताट भिंतीवर. राखीला माहेरी जायचं म्हटलं की अबोला. हातही उचलला आहे, मुलीसमोर. माझ्या गाडीचा आवाज आला की मुलगी टीव्ही बंद करून पुस्तक उघडायची आणि मला वाटायचं, पोरीला चांगलं वळण लागलं.

गावात कोणालाच यात काही वावगं वाटत नाही. मामा माझ्यासमोर तिला म्हणाले होते, "पोट्टा दारू पेत नाही, पत्ते खेळत नाही, मंग तुले तरास काय हाय?" तंटामुक्तीचे अध्यक्ष म्हणतात, चार माणसं घेऊन जाऊ, पोळ्याच्या आत सूनबाईला आणू. तालुक्याच्या डॉक्टरला राग येतो म्हणून सांगितलं, त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. व्यसनमुक्ती केंद्रवाल्यांकडे जावं तर व्यसनच नाही.

माझ्यासारख्याने जायचं कुठे? मदत मागायला गेलो तर माझ्यावरच केस होईल का? आणि अध्यक्षांना जाऊ देऊ का? ती आली तर तिच्यासमोर बदलून दाखवता येईल, असं आई म्हणते.

पळस

दादा, मी वर्ध्याकडे कौटुंबिक समुपदेशनाचं काम बरीच वर्षं केलं, म्हणून जरा लांब लिहिते.

शेवटचा प्रश्न आधी. अध्यक्षांना जाऊ देऊ नका. चार प्रतिष्ठित माणसं अंगणात येऊन बसली की बाईला "नाही" म्हणायला जागा उरत नाही. तिला "हो" म्हणायला लावणं हीच तर तुमची जुनी रीत. आता ती गाव तुमच्या वतीने करेल एवढंच. आणि तिने घरी येऊन तुमचा सराव का सोसावा?

डॉक्टरांचं म्हणाल, तर तुम्ही जे सांगितलं त्याचंच औषध मिळालं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे जा. पण केसपेपर काढून आत गेल्यावर "राग येतो, झोप लागत नाही" असं सांगू नका. "मी बायकोला मारतो, घाबरवून ठेवतो, मला ते थांबवायचं आहे" हे वाक्य जसंच्या तसं म्हणा. जीभ अडेल, पण म्हणा. यवतमाळला जाईपर्यंत टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

राग हा आजार असता तर तो कृषी केंद्रवाल्यावर, पीककर्ज अडवणाऱ्या बँकेच्या साहेबावरही निघाला असता. त्यांच्यासमोर तुम्ही हात जोडूनच उभे राहत असाल ना? म्हणजे ताबा आहे, फक्त घरी तो ठेवायची गरज वाटत नाही. अमेरिकेत डुलुथ नावाच्या शहरात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अशा पुरुषांचे वर्ग चालतात. मार खाल्लेल्या बायकांशी बोलून त्यांनी जो तक्ता केला, त्यात पैसा अडवणं, माहेर तोडणं, धमकावणं, मुलांना मध्ये ओढणं हे सगळं येतं आणि मधोमध असते ती सत्ता. त्या वर्गांनी सगळे सुधारतात असं नाही, अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. पण तुमचा मोबाईल, हप्ता आणि राखी ही तीन वेगळी भांडणं नाहीत, हे त्या तक्त्यावरून कळतं. आपल्याकडे मुंबईत 'मावा' ही संस्था १९९३ पासून पुरुषांसोबत हेच काम करते.

केसबद्दल. समुपदेशकाकडे स्वतः गेलात म्हणून आपोआप केस होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारातली माहिती गुप्त ठेवावी लागते. दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल तर अपवाद आहे, आणि तो असायलाच हवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिने अर्ज केला तर तो तिचा हक्क. त्या कायद्यात शिवीगाळ आणि पैसे अडवणं हीसुद्धा हिंसाच आहे, नुसती मारहाण नाही. न्यायदंडाधिकारी तुम्हाला समुपदेशनाला पाठवू शकतात, त्याला शिक्षा समजू नका. मात्र ती घाबरते आहे तोवर दोघांचं एकत्र समुपदेशन मागू नका. तुमच्या शेजारी बसून ती खरं बोलणार नाही.

गटाचे पैसे तिच्या खात्यावर टाका. सोबत निरोप नको, फोटो नको.

रोखठोक७

कायदे सगळे बायकांचेच आहेत भाऊ. आधी वकील गाठ, मग रडत बस.

जुना वऱ्हाडी

रोखठोक, त्याने विचारलं काय, तू सांगतो काय! वकील करायला ना नाही, पण त्याने भिंतीवर जाणारं ताट थांबत नाही.

वावरकर, मी अमरावतीकडचा, वयाने मोठा. मी यातून गेलो आहे आणि माझी बायको परत आली नाही, हे आधीच सांगतो. ती येईल या हिशेबाने सुरू कराल तर ती नाही म्हणताच पहिले पाढे पंचावन्न.

कामाची एक गोष्ट सांगतो. माझे आधी दात आवळायचे, मग आवाज खाली जायचा, ओरडणं त्यानंतर. घरच्यांना तो खालचा आवाजच ओळखू यायचा, मला सोडून सगळ्यांना. आता आईशी बोलतानाही तो आला की सांगतो, "मी वावरात चाललो, तासाभरात येतो," आणि तासाभरात येतो. न सांगता दार आपटून जाणं हा पण धाकच असते. तुमच्या घरी सध्या आईच आहे ना? मग सुरुवात तिच्यापासूनच.

आणि पारावरच्या एका तरी माणसाला खरं सांगा. "थोडं वाजलं" असं नाही, वर लिहिलं तसं.

वावरकर

अध्यक्षांना नाही म्हणालो. ते म्हणाले, मग गावात तोंड कसं दाखवशील? आई बोलत नाही.

एक विचारायचं राहिलं. साळ्याचा फोन होता, मुलीला तिकडच्या शाळेत घालायचं म्हणतात, दाखला मागत आहेत. मास्तर म्हणतात, बापाने अर्ज दिला की लगेच देतो. दाखला दिला की ती परत येणार नाही, असं आई म्हणते. द्यावा का?

पळस

द्या, आणि उद्याच द्या. घेऊन तुम्ही जाऊ नका. साळ्याला शाळेतून घेऊ दे, तुम्ही अर्जावर सही करून वावरात निघून जा. बदल्यात मुलीशी फोनवर बोलू द्या, असंही म्हणू नका. त्यांनी स्वतःहून लावून दिला तर बोला, आणि मुलीला आईबद्दल एक शब्द विचारू नका.