मदत हवी आहे: नदी-कालव्यांवरच्या जहाजांत खलाशांचे कामाचे तास कसे मोजावेत?

नमस्कार मंडळी,

अंतर्गत जलमार्गांवरच्या मालवाहू जहाजांसाठी कामाच्या तासांची नियमावली आमच्या संघटनेला मालकांपुढे ठेवायची आहे. मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. दिवसाला जास्तीत जास्त किती तास, विश्रांती किमान किती, हे आकडे ठरवणं तुलनेने सोपं गेलं. अडलंय ते दुसरीकडेच. जहाज उभं असतं तेव्हा खलाशी कामावर असतो की विश्रांतीवर?

आधी थोडी पार्श्वभूमी. समुद्रावरच्या खलाशांसाठी २००६ चा सागरी कामगार करार आहे, पण फक्त अंतर्गत जलमार्गांवर फिरणारी जहाजं त्याच्या व्याख्येतूनच वगळलेली आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२० साली जिनोआच्या अधिवेशनात नदीवाहतुकीतल्या कामाच्या तासांवर मर्यादा घालावी असं सुचवलं होतं. ती शिफारस होती, करार नव्हे, त्यामुळे कुणावर बंधन आलं नाही. म्हणून मी आधाराला युरोपीय संघाचा २०१४/११२ हा निर्देश घेतला आहे. मालकांच्या, स्वतंत्र नौकामालकांच्या आणि वाहतूक कामगारांच्या युरोपीय संघटनांनी २०१२ मध्ये आपसात करार केला, त्यालाच पुढे कायद्याचं बळ मिळालं. दोन्ही बाजूंनी एकत्र बसून लिहिलेला मजकूर असल्यामुळे आमच्याकडचे मालकही तो निदान वाचून पाहतील, अशी मला आशा आहे.

त्यातल्या मुख्य मर्यादा अशा: कोणत्याही २४ तासांत जास्तीत जास्त १४ तास काम आणि कोणत्याही ७ दिवसांत ८४ तास. विश्रांती २४ तासांत किमान १० तास, त्यातले ६ तास सलग, आणि ७ दिवसांत मिळून ८४ तास. वर्षाची सरासरी आठवड्याला ४८ तास, म्हणजे चार आठवड्यांची रजा वजा जाता वर्षाला २३०४ तास. सलग कामाचे दिवस ३१ पेक्षा जास्त नाहीत. रात्र म्हणजे २३ ते ६, आणि रात्रीचं काम ७ दिवसांत ४२ तासांपर्यंतच.

आता हे आपल्या ओळखीच्या 'सहा तास वॉच, सहा तास सुट्टी' या पद्धतीला लावून बघा (वॉच म्हणजे जहाजावरची कामाची पाळी). दिवसाला १२ तास, सात दिवसांचे बरोबर ८४. ज्याची पाळी मध्यरात्री ते पहाटे सहा, त्याचे रात्रीचे तास होतात बरोबर ४२. म्हणजे नुसती वॉच करूनच दोन्ही मर्यादा काठोकाठ भरतात. मग धक्क्याला दोर बांधणं, माल चढवताना-उतरवताना हजर राहणं, डेकची साफसफाई, इंजिनची देखभाल, हे सगळं कोणत्या तासांत बसवायचं? कागदावर ते दिसतच नाही, आणि माणसाच्या झोपेतून मात्र जातं. हा नियम नीट पाळायचा तर वॉचच्या तक्त्यात आधीपासून मोकळी जागा ठेवावी लागेल किंवा एक माणूस वाढवावा लागेल, असं माझं ठाम मत झालं आहे.

माझे प्रश्न:

पहिला, आणि सगळ्यात महत्त्वाचा. लॉकपाशी, म्हणजे जहाज एका पाणीपातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दारांच्या कोठ्यापाशी, जहाजांची रांग असते. कप्तान म्हणतो, "जा, आडवा हो, नंबर आला की हाक मारतो." नंबर अर्ध्या तासात येईल की चार तासांनी, कुणालाच माहीत नसतं. युरोपीय व्याख्येत मालकाच्या सूचनेवरून हजर राहावं लागतं तो वेळही कामाचाच धरला आहे. त्या हिशोबाने हा थांबा म्हणजे काम. मालकांचं म्हणणं, असं धरलं तर पाण्याची पातळी, धुकं, लॉकची गर्दी या आमच्या हातात नसलेल्या गोष्टींमुळे १४ तास थांबण्यातच संपतील. त्यांचीही अडचण खरी आहे. यावर दोन्ही बाजूंना पटेल असं कलम कुणी लिहिलं किंवा वाचलं आहे का?

दुसरा. सलग सहा तासांच्या झोपेत माणसाला वीस मिनिटांसाठी उठवलं तर सहा तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे का? आणीबाणीत कप्तान कुणालाही कधीही कामाला लावू शकतो आणि नंतर भरपाईची विश्रांती द्यावी लागते, एवढं निर्देशात आहे. पण दोर बांधणं ही रोजची गोष्ट आहे, आणीबाणी नाही.

तिसरा. मालक स्वतःच कप्तान असला तर तो नोकरदार नाही, त्यामुळे हे तास त्याला लागू होत नाहीत. पण सुकाणूवर थकलेला माणूस मालक असला तरी धोका तोच आहे. त्याला कशात धरायचं?

---

प्रतिसाद १

नदीवरच्या टगवर (दुसरी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर) बरीच वर्षं काढली आहेत, त्यावरून लिहितो. 'अर्धं काम, अर्धी विश्रांती' असा तिसरा वर्ग अजिबात बनवू नका. सगळे नकोसे तास त्यातच ढकलले जातात. सरळ लिहा: अमुक वाजेपर्यंत तुला कुणी हाक मारणार नाही, असं कप्तानाने आधी सांगितलं आणि नोंदवहीत लिहिलं, तरच ती विश्रांती. नाहीतर ड्युटी. माणूस झोपलेला असला तरी ड्युटी. थांबा लांबणार हे कळलं की कप्तान स्वतःहून दोघांना मोकळं करून एकालाच जागं ठेवेल, कारण तसं केलं तरच त्याचे तास वाचतात.

प्रतिसाद २

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. माणसाचे तास आणि जहाजाचे तास ही दोन वेगळी खाती ठेवा. युरोपातल्या ऱ्हाइन नदीवर जहाज २४ तासांत किती चालणार त्यावर प्रकार ठरतात: ए१ म्हणजे १४ तासांपर्यंत, ए२ म्हणजे १८ पर्यंत, बी म्हणजे त्याहून जास्त, अगदी अखंडसुद्धा. प्रकार जितका वरचा, तितके किमान खलाशी जास्त. हा नियम जहाजाला लागतो, त्यामुळे मालक-कप्तानही त्यात आपोआप येतो. त्याच्या नोकरीचं स्वरूप काय, हा प्रश्नच उरत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी समुद्रावरच्या खलाशांच्या प्रशिक्षण व वॉचविषयक नियमांचा उपयोग होईल. तिथे विश्रांतीचे जास्तीत जास्त दोनच तुकडे चालतात, त्यातला एक किमान सहा तासांचा, आणि दोन विश्रांतींमध्ये १४ तासांपेक्षा जास्त अंतर नको. हाकेला तयार असलेल्या माणसाची झोप मोडली तर भरपाईची विश्रांती द्यावी लागते, असंही त्यात आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. 'आधी जाहीर केली तरच विश्रांती' हे कलम मी मसुद्यात घेतो आहे. मालकांना ते पटण्याची शक्यताही मला जास्त वाटते, कारण थांबा आल्यावर तो कसा वापरायचा हे त्यांच्याच हातात राहतं. जहाजाचे तास वेगळे धरायची सूचनाही घेतली.

झोप मोडली तर मात्र मी कडक लिहिणार आहे: सलग सहा तास पूर्ण झाले नाहीत तर मोजणी पहिल्यापासून. भरपाई 'नंतर कधीतरी' असं ठेवलं की ती मिळतच नाही, हे आमच्या लोकांनी फार सोसलं आहे.

आता एकच राहिलं. नोंदी खलाशी आणि मालक दोघांनी तपासून पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत कायम कराव्यात, असं युरोपीय करारात आहे. पण दोन-तीन माणसांच्या जहाजावर कप्तानासमोर "हे तास चुकीचे आहेत" म्हणायची हिंमत नवा पोरगा कशी करणार? म्हणून खलाशाच्या नोंदी लॉकवरच्या नोंदवहीतल्या वेळांशी आणि इंजिनच्या तासांशी ताडून पाहायची सोय हवी आहे. अशी नोंदवही प्रत्यक्ष वापरलेली असेल तर तिचे रकाने कोणते होते ते कृपया इथे लिहा. नावं, जहाजाचा क्रमांक काही नको, फक्त रकाने.