गरम झाली की बंद पडणारी जुनी १५० सीसी बाईक

प्रश्न: २००८ चं मॉडेल, सेकंडहँड, एअर-कूल्ड, कार्बोरेटरची. २०-२५ मिनिटं चालवली की इंजिन तापतं, ओढ कमी होते, सिग्नलला बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की किकला चालू. ऑइल, एअर फिल्टर नवीन. आता काय बघू?

उत्तर १: बंद पडल्या क्षणी टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज येऊन लगेच चालू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. टाकीत हवा जात नाही, म्हणून पेट्रोल उतरत नाही. नाहीतर तेव्हाच स्पार्क प्लग काढून हेडला (इंजिनच्या वरच्या धातूच्या भागाला) टेकवा, किक मारा (पेट्रोलपासून लांब!). ठिणगी नाही किंवा पिवळट, अशक्त असेल तर दोष इग्निशन कॉइलमध्ये (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारी) किंवा पल्सर कॉइलमध्ये (ठिणगी कधी पडायची याचा इशारा देणारी). या कॉइल थंडपणी ठीक दाखवतात, तापल्यावरच दगा देतात. थंड गाडीवर मीटर लावून फसू नका.

उत्तर २: टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली बारीक फट) आधी, कृपया. घट्ट टॅपेटमुळे गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं, आयडलिंग (उभ्या गाडीचं इंजिन चालू राहणं) मरतं. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सगळ्यात वरच्या टोकाला), मग फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा. बऱ्याच १५० सीसींना इनटेक ०.०५, एक्झॉस्ट ०.१० मिमी, आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. ‘आवाज येतो’ म्हणून टॅपेट आवळून देणाऱ्यांनी कितीतरी व्हॉल्व्ह जाळलेत.

उत्तर ३: प्लगचा रंग सांगा. पांढराफटक असेल तर मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी). कार्बोरेटर आणि हेडमधल्या रबरी मॅनिफोल्डला (जोडनळीला) दाबून बघा, भेगा आतल्या वळणात लपतात. मागचं चाकही हाताने फिरवा. ब्रेक घासत असेल तरी इंजिन तापतं.