आईच्या नखाजवळची 'चामखीळ' बोवेन्स डिसीज निघाली. एचपीव्हीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईसाठी लिहितेय. वय 58, राहणार नाशिक. 2014 साली तिचं किडनी प्रत्यारोपण झालं, किडनी बाबांनी दिली. तेव्हापासून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं प्रेडनिसोलोन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) छान आहे.

उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, नखाच्या कडेला, तीन वर्षं खरखरीत चामखिळीसारखं काहीतरी होतं. दोनदा जाळलं, दोन्हीदा परत आलं. तुकडा तपासायला मात्र कुणी पाठवला नाही, आणि आम्हालाही ते सुचलं नाही. हे मनातून जात नाही. गेल्या महिन्यात दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी बायोप्सी केली. निदान बोवेन्स डिसीज, म्हणजे कातडीच्या वरच्याच थरात असलेला, अजून खाली न उतरलेला स्क्वामस सेल कॅन्सर. मॅडम म्हणाल्या, नखाजवळच्या अशा गाठीत एचपीव्ही 16 (ह्युमन पॅपिलोमा विषाणूचा 16 नंबरचा प्रकार) बऱ्याचदा सापडतो.

आईने 'गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषाणू' एवढंच ऐकलेलं. तेव्हापासून ती गप्प आहे. काल मला म्हणाली, "माझं काय चुकलं गं?" नातीला भरवायलाही जवळ घेत नाही.

मी वाचलं त्यावरून असं समजलं की एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत आणि उन्हाने होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरमध्ये चर्चा वेगळ्याच, बीटा गटाची असते. 1922 साली लेवांडोव्स्की आणि लुट्झ यांनी एका दुर्मिळ आनुवंशिक विकाराचं वर्णन केलं. त्यातल्या रुग्णांच्या उन्हात उघड्या राहणाऱ्या अंगावर पुढे बऱ्याचदा कॅन्सर होतो आणि त्यात 5 आणि 8 नंबरचे विषाणू सापडतात. बाकीच्यांत म्हणे हा बीटा गटाचा विषाणू सुरुवातीला उन्हाने बिघडलेल्या पेशीला मरू देत नाही, आणि गाठ पक्की झाल्यावर त्याची गरज उरत नाही. म्हणून सुरुवातीच्या खरखरीत चट्ट्यांत तो जास्त आणि पुढच्या कॅन्सरमध्ये कमी सापडतो. 16 नंबरचं तसं नाही, तो पेशीत ठाण मांडून बसतो आणि त्याचं ई6 प्रथिन पेशीतलं कॅन्सर रोखणारं पी53 प्रथिन नष्ट करतं. दोन्ही प्रकारांत प्रतिकारशक्ती दबलेली असली की धोका वाढतो, एवढं कळलं. पण आईच्या बोटाच्या बाबतीत यातलं काय धरायचं?

काढलेल्या तुकड्यावर एचपीव्हीची पीसीआर (विषाणूचा प्रकार ओळखणारी) चाचणी करून उपचार बदलतो का, की फक्त नाव कळतं? नखाजवळ 16 असेल तर गर्भाशयमुखाचीही तपासणी करावी असं वाचलं. आईला हे कसं सांगू? कुणी आपल्या आईला सांगितलं असेल तर कृपया शब्दसुद्धा लिहा.

टॅक्रोलिमसच्या गटातल्या औषधांऐवजी सिरोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध दिल्यावर किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांत त्वचेचे कॅन्सर कमी झाल्याचं 2012 च्या चाचणीत दिसलं होतं. इथे कुणाचं औषध असं बदललंय का? किडनीचं काय झालं? नेफ्रॉलॉजिस्टची वेळ पुढच्या गुरुवारची आहे, बदल त्यांना विचारूनच होईल. बाबांची किडनी आहे, तिच्याशी खेळ नको.

शेवटचं, मोह्झ शस्त्रक्रियेचं. थर थर कापून तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्यामुळे बोट वाचण्याची शक्यता जास्त असते असं मॅडम म्हणाल्या. मुंबई-पुण्यात नखाजवळ कुणी करून घेतलीय का? आई पोळ्या लाटते, शिवणकाम करते. बोट वाकेल का, हे तिने मला दोनदा विचारलं.

ता. क. : हाताचा स्पर्श, ताट-वाटी, टॉवेल यांबद्दल घरात काय पाळायचं हेही सांगा. नात अडीच वर्षांची आहे, रोज आजीकडे धावते आणि आई हात मागे घेते.