'स्किन इन द गेम'ला मराठीत काय म्हणायचं?

'स्किन इन द गेम' हल्ली मराठी बातम्यांत पण जसंच्या तसं येतं, शेअर बाजाराच्या गप्पांत तर रोजच. ढोबळ अर्थ कळतो, की माणूस त्या व्यवहारात स्वतः गुंतलेला आहे. पण भाषांतर करताना काय लिहू? 'सहभाग', 'हितसंबंध', की आणखी काही?

---

ताई, 'सहभाग' नको, अगदीच पातळ होतं. सहभाग काय, कार्यक्रमाला हार घालून घ्यायला आलेल्या पाहुण्याचाही असतो. इथे मुद्दा असा आहे की काम फसलं तर याचंही नुकसान व्हायला पाहिजे, नुसता नफ्यात वाटा असून भागत नाही. आणि 'हितसंबंध गुंतलेत' म्हटलं की मराठी माणूस आधी संशयच घेतो, उलट स्किन इन द गेम बहुतेक वेळा भरवशाची खूण म्हणून सांगतात.

शेअर बाजार नि म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचंच बघा. २०२१ साली त्यांनी नियम काढला की म्युच्युअल फंड कंपनीतल्या फंड मॅनेजर वगैरे मोठ्या पदावरच्या लोकांच्या पगाराचा किमान २० टक्के भाग त्यांच्याच स्कीमच्या युनिट्समध्ये द्यायचा, आणि ती युनिट्स तीन वर्षं विकता येणार नाहीत. म्हणजे तुमचे पैसे बुडाले तर त्याचेही थोडे बुडणार. २०२५ मध्ये पगाराप्रमाणे टप्पे पाडून हे बरंच सैल केलं, पण तत्त्व तेच राहिलं, आणि या नियमाला सगळे स्किन इन द गेमचा नियम असंच म्हणतात.

अमेरिकेतले बडे गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी हा शब्द काढला असं ठोकून दिलं जातं, ते मात्र लिहू नका. विल्यम सफायर यांनी २००६ सालीच न्यूयॉर्क टाइम्समधल्या आपल्या भाषेच्या सदरात ते खोडून काढलंय.

---

'पदरमोड' चालेल का?

---

जवळचा आहे पण नाही बसत दादा. पदरमोडीत पैसा गेलेलाच असतो, परत यायची अपेक्षाच नसते. इथे तो जाऊ शकतो किंवा वाढूही शकतो, टांगणीला असतो. 'पदराला खार लागणे' घ्यावं तर तो नुकसान झाल्यानंतरचा शब्द, आधीचा नाही.

मला विचाराल तर ही कल्पना आपल्याकडे शेतीच्या व्यवहारात चांगली मुरलेली आहे. जमीन खंडानं दिली की मालकाला ठरलेली रक्कम मिळते, मग पाऊस पडो न पडो, गारपीट होवो, सोयाबीन पाच हजारानं जावो नाहीतर साडेतीननं. तेच अर्धेलीनं दिली, काही भागात बटईनं म्हणतात, तर बी-खत-फवारणीचा खर्च निम्मा निम्मा आणि माल पण निम्मा निम्मा. असा मालक मग बांधावर येतो, फुटवा बघतो, औषध कुठलं मारलं विचारतो, कारण पीक गेलं तर त्याचंही जातं. खंडाचा मालक नि अर्धेलीचा मालक यांच्यातला जो फरक आहे ना, तेच स्किन इन द गेम. म्हणून माझं मत 'वाटेकरी' या शब्दाला, पण नुसतं वाटेकरी नाही, 'जोखमीत वाटेकरी'. नाहीतर लोक फक्त फायद्यातला वाटा धरून चालतात.

वाल्या कोळ्याची गोष्ट पण तीच की. घरच्यांना लुटीतला वाटा रोज चालत होता, पापात वाटेकरी व्हाल का विचारल्यावर सगळ्यांनी हात वर केले.

---

आणि उलटं सांगायचं असेल तर? 'ही हॅज नो स्किन इन द गेम' असं वाक्य आलंय समोर.

---

त्याला तर मराठीत तयार माल पडलाय. 'त्याचं काय जातंय सांगायला' हे सगळ्यात सहज, बोलण्यात रोजचं. लेखात जरा ठसक्यानं हवं तर 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र', म्हणजे दुसऱ्याची मिठाई परस्पर दान करून मोकळं होणं. मात्र 'लष्कराच्या भाकऱ्या' वापरू नका, तिथे माणूस स्वतः राबतोय, फक्त काम दुसऱ्याचं आहे.

होकारी वाक्याला संदर्भ बघून ठरवा. कंपनीच्या बातमीत 'प्रवर्तकांनी स्वतःचेही पैसे लावलेत', धंद्याच्या गप्पांत 'बुडालं तर त्याचंही बुडेल', नियमाबद्दल लिहिताना 'जोखमीत वाटा'. एकच शब्द सगळीकडे चिकटवायचा हट्ट धरला की वाक्य अडखळतं.

---

पण पैशाचा संबंधच नसेल तर? माझ्याकडच्या मजकुरात एका सरकारी शाळेतले शिक्षक आहेत, स्वतःची मुलं त्याच शाळेत घातलेले, आणि मूळ लेखकानं तिथे हाच वाक्प्रचार वापरलाय.

---

तिथे 'जोखीम' नको, शाळा म्हणजे जोखीम असा भलताच अर्थ निघेल. 'पणाला लावलंय' पण नको, मुलं कोणी पणाला लावतं का! सरळ लिहा, 'त्यांची स्वतःची मुलंही याच शाळेत शिकतात, त्यामुळे शाळा सुधारण्याची कळकळ वरवरची नाही.' वाक्प्रचाराला वाक्प्रचारच द्यायला पाहिजे असं काही नाही ताई.