बेटिंग साइटवर अडकलेले पैसे काढायला आधी 30 टक्के ‘टॅक्स’ भरायचा का?

सुप्रिया_लातूर

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ हडपसरला नोकरीला आहे, तिघं मिळून खोली करून राहतात. ड्रीम इलेव्हन वगैरेंचे पैशांचे खेळ बंद झाल्यावर खोलीतल्याच एकाने त्याला टेलिग्रामवरून एका परदेशी बेटिंग साइटची ‘आयडी’ (म्हणजे तिथलं खातं) काढून दिली. सुरुवातीला थोडे थोडे करून खात्यात पैसे आलेही. आता आयडीत 1,86,000 दिसतायत, आणि काढायला गेलं की ‘टॅक्स क्लिअरन्स’चे 55,800 आधी भरा असा मेसेज येतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा माणूस अगदी अदबीने बोलतो, भावाला सर सर करतो. साइटच्या तळाशी क्युरासाओचा परवाना क्रमांकही आहे.

भावाचे स्वतःचे 70 हजार आत आहेत. आता टॅक्ससाठी माझ्याकडे उसने मागतोय, आणि आई-बाबांना कळू देऊ नको म्हणतोय. असा टॅक्स खरंच असतो का? आणि पोलिसांत गेलो तर केस त्याच्यावरच होईल का? कृपया उपदेश नको, तो माझा देऊन झालाय.

रात्रपाळी

सगळ्याच साइट फ्रॉड नसतात हो. माझ्या एका मित्राला अशाच साइटवरून नियमित पैसे मिळतात. परवाना आहे ना? मग त्यांच्या सपोर्टला मेल टाका, टॅक्स शिलकीतूनच वळता करून घ्या म्हणावं.

वैनगंगा

टाकू नका जी पैसे, एक रुपयाही नको. आम्हा विदर्भातल्यांना 2023 चं नागपूरचं प्रकरण चांगलं आठवतं. तांदळाचा व्यापारी, गोंदियाच्या बुकीने लिंक पाठवली, आणि बुडालेला आकडा 58 कोटींवर गेला. पोलिसांनी बुकीच्या घरून रोख आणि सोनं पोत्याने काढलं तेव्हा पेपरात फोटो आले होते. स्क्रीनवरचा आकडा त्यांचा, तो वरखाली करणारं बटणही त्यांच्याच हातात. एवढा मुरलेला व्यापारी फसतो, तर तुमच्या भावाचं काय घेऊन बसलात?

खातेवही

सुप्रियाताई, मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालोय. शेवटची बदली तासगावला होती.

आधी टॅक्सचं. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर एप्रिल 2023 पासून 30 टक्के टीडीएस आहे, हे खरं. पण तो कापून घेतात. पैसे देतानाच कमी देतात आणि कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर आयकर खात्याच्या नोंदीत दिसते. आगाऊ मागत नाहीत, आणि सरकारी कर कुणाच्या यूपीआयवर तर कधीच जात नाही. शिवाय गणित बघा. 55,800 म्हणजे अख्ख्या 1,86,000 चे 30 टक्के. त्यात भावाचे स्वतःचे 70 हजार आहेत, ते काय जिंकलेले आहेत? कायदा नीट वाचायचे कष्टसुद्धा बेट्यांनी घेतलेले नाहीत. हे भरलेत की पाठोपाठ जीएसटी निघेल, मग कसली तरी ‘क्लिअरन्स फी’. जोवर तुम्ही भरताय तोवर नवीन नावं सुचत राहतील.

आता रात्रपाळी यांच्या मित्राबद्दल, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. पैसे बुडतात हा धोका सगळ्यांना कळतो. बँकेत बसून मी जे पाहिलं त्यात जास्त हाल झाले ते पैसे मिळालेल्यांचे.

भावाला विचारा, पैसे भरताना दर वेळी वेगळं खातं दिसायचं की नाही? आज कुठल्या तरी ट्रेडर्सचं, उद्या एंटरप्रायझेसचं, परवा नुसतंच एका बाईचं नाव, आणि खाली सूचना की हा नंबर एवढी मिनिटंच चालेल. असं का, तर साइटला स्वतःच्या नावाने इथे खातं उघडता येत नाही, आणि पैसे सरळ बाहेरही धाडता येत नाहीत. 2000 सालच्या परकीय चलनाच्या नियमांत लॉटरीची तिकिटं, स्वीपस्टेक (बक्षिसाची सोडत), फुटबॉल पूल (सामन्यांच्या निकालांवरची पैज) यांच्यासाठी परदेशी रक्कम पाठवायला बंदी आहे. तेव्हा ‘बेटिंग’ असं कारण लिहून फॉर्म भरलात तर कुठलाही अधिकारी तो परत करेल. म्हणून मधे भाड्याची खाती येतात. कुणी मजूर, कुणी विद्यार्थी, महिन्याच्या चार पैशांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळा होतो. महादेव या बेटिंग अ‍ॅपच्या तपासात ईडीने हाच प्रकार मांडला होता. सूत्रधार भिलाईचे, कारभार दुबईतून, आणि पैसा फिरायचा तो असल्या परक्यांच्या खात्यांतून.

याच खात्यांत डिजिटल अरेस्टवाल्या आजोबांचे पैसे येतात, पार्ट टाइम जॉबला भुललेल्या मुलीचे येतात. आणि तुमच्या भावाने ‘विथड्रॉ’ दाबलं की त्यातलीच रक्कम उचलून त्याला पाठवतात. आजोबा 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतात, पोलीस पैशाचा माग काढत एकेक खातं पुढे सरकतात, आणि तुमच्याकडे पोचतात.

तासगावला असताना एका द्राक्ष बागायतदाराचं मुलाबरोबर जॉइंट खातं होतं. मुलाला अशाच साइटवरून नऊ हजार आले. पाठवणारं खातं परराज्यातल्या एका गुन्ह्यात निघालं आणि या दोघांच्या खात्याला डेबिट फ्रीझ लागला, म्हणजे पैसे काढायला बंदी. नऊ हजारांपुरता नव्हे, संपूर्ण खात्याला. त्यात अडत्याकडून आलेली बेदाण्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, पडून होती. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर, औषधवाल्याची उधारी, मजुरांचे पैसे, आणि हा माणूस रोज शाखेत येऊन बसायचा. त्याला बेटिंग शब्दही माहीत नव्हता. आम्ही काय करणार? आदेश सिस्टीममध्ये वरून येतो, तो काढण्याचा अधिकार शाखेला नसतो. त्या ठाण्याला पत्रं पाठवा, वकील करा, त्यांची ना हरकत आणा. पट्टी मोकळी झाली तेव्हा हंगाम उलटून गेला होता. रात्रपाळी, तुमच्या मित्राला सांगा, निदान घरच्यांचं जॉइंट खातं तरी यात वापरू नको.

आणि तो क्युरासाओचा परवाना. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचं बेट आहे ते, नेदरलँड्सच्या राज्यातलं. कित्येक वर्षं तिथे चारच मुख्य परवानाधारक होते आणि ते आपल्या हाताखाली पोटपरवाने वाटायचे. डिसेंबर 2024 मध्ये नवा कायदा आला, तेव्हापासून तिथलं नियामक मंडळ थेट परवाने देतं. पण क्रमांक खरा निघाला तरी तो त्या बेटाचा. त्यावर हडपसरमध्ये धंदा करायची मुभा मिळत नाही, आणि भाऊ दाद मागायला तिकडे जाणार थोडाच!

काळा_कोट

ताईंचा दुसरा प्रश्न राहिलाय. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैशांचे खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं, 50 लाख. पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यालाही 3 वर्षं, 1 कोटी. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. राज्याचा 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा वेगळा आहे, पण फसवला गेलेला माणूस तक्रारीला गेला म्हणून त्यालाच उचलतील ही भीती मनातून काढा. तक्रारीत मात्र खरं लिहा. ‘गुंतवणूक केली होती’ अशी गोष्ट रचू नका, व्यवहार तपासले की ती पहिल्या दिवशी उघडी पडते.

भावाला दोन गोष्टी स्पष्ट विचारा. त्याने रेफरल लिंक पाठवून मित्रांना आत आणलं आणि कमिशन घेतलं का? स्वतःचं खातं किंवा यूपीआय त्या लोकांना वापरायला दिलं का? यातलं एकही ‘हो’ असेल तर आधी वकील, मग पोलीस. कारण तेव्हा तो नुसता खेळणारा राहत नाही.

रात्रपाळी

मित्राला धागा पाठवला. म्हणतो, माझं काही होत नाही. असो. खातेवही काका, जॉइंट खात्याचं माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

सुप्रिया_लातूर

सगळ्यांचे आभार. पैसे भरलेले नाहीत. भावाने रेफरल किंवा खातं दिलेलं नाही म्हणतो, मी त्याचा फोन हातात घेऊन पाहिलं. आज 1930 वर फोन लागला. त्यांनी प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक) मागितला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली. शेवटचं डिपॉझिट तीन आठवड्यांपूर्वीचं, त्यामुळे फार आशा ठेवू नका असं तिथल्या मॅडमच म्हणाल्या. त्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्याचा नंबर ब्लॉक करायला सांगितला तर भाऊ म्हणतो, ब्लॉक केलं तर पैसे कायमचे जातील!

एक मात्र आज कळलं. ‘केवायसी’ म्हणून त्याने आधार आणि पॅनचे फोटो आणि हातात आधार धरलेला सेल्फी पाठवलाय. याचं काय करायचं?

खातेवही

ब्लॉक करण्याआधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, त्यात खाते क्रमांक आहेत, ते तपासाला लागतील. साइटचा पत्ता पण लिहून ठेवा, आठवड्यात बदलतात.

कागदपत्रांचं आजच करा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, यूआयडीएआयच्या अ‍ॅपमधून होतं. संचार साथी या दूरसंचार खात्याच्या पोर्टलवर जाऊन त्याच्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघा, अनोळखी नंबर असेल तर तिथूनच ‘माझा नाही’ म्हणून कळवा. क्रेडिट रिपोर्ट आत्ता एकदा काढा आणि दोनेक महिन्यांनी पुन्हा काढा, म्हणजे त्याच्या पॅनवर कुणी कर्ज किंवा खातं काढलं असेल तर कळेल. ज्या खात्यात सुरुवातीचे पैसे आले, तिथे होल्ड किंवा लियन (रक्कम अडवून ठेवल्याची नोंद) आहे का ते शाखेत लेखी अर्ज देऊन विचारा. तोंडी विचाराल तर काउंटरवरचा पोरगा बॅलन्स बघून ‘सगळं ठीक आहे’ म्हणेल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

आणि थोड्या दिवसांत ‘अडकलेले पैसे सोडवून देतो’ म्हणणारा फोन येईल. नावागावासकट बोलेल, रक्कमही बरोबर सांगेल. तीच टोळी असते, किंवा तिने यादी विकलेली असते. भावाला आधीच सांगून ठेवा.