झिंगाट यादीतनं काढावं का? (बेंजोवाल्याचा प्रश्न)

बेंजोवाला_विटा

राम राम मंडळी. विट्यात आमची बेंजो पार्टी हाय. 19 वर्षं झाली, बेंजोवर मीच बसतो. कॅसिओ, पॅड, ताशा धरून आम्ही नऊ जण.

'सैराट' आला 29 एप्रिल 2016 ला, ऐन लग्नसराईत. तवापासनं एक वरात बिगर झिंगाटची गेली न्हाई. एका रात्रीत सात-सात वेळा वाजवलंय. नवरदेवाचा मामा टेम्पोसमोर आडवा झोपतो, पन्नासची नोट दाताखाली धरतो, आन् "झिंगाट लाव!" आता बोटं आपोआप चालत्यात, मी तवर जेवण झालं का इचारतो पोरास्नी.

माझं म्हणणं आसं हाय, की 'सैराट'च्या चार गाण्यांत सगळ्यात कच्चं गाणं झिंगाटच. नाचायला एक नंबर, त्यात वादच न्हाई. पण सगळा जोर ठेक्यात. चालीत बोटांना फिरायला जागाच न्हाई. ताशावाला राजा, बेंजोवाला हमाल.

खरा माल 'आताच बया का बावरलं' मधी. श्रेया घोषालनं एकेक शब्द आसा लाडानं वळवलाय, की बटणावर ती वळणं काढायला मला दोन महिनं लागलं. अजून एक जागा चुकती.

'याड लागलं' मातूर आमच्यावर अन्याय हाय. अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वाद्यवृंदाकडनं वाजवून घेतलंय. व्हायोलिनला गज आसतो, सूर पायजे तेवढा लांबतो. बेंजोचा सूर वाजला की मेला. तो जिता ठेवायला उजवा हात तारेवर भराभरा मारत बसायचं, आन् मग प्रेमाचं गाणं शिलाई मशिनीगत ऐकू येतंय.

यंदा झिंगाट बंद करून हळदीला 'आताच बया' घ्यायचं म्हणतोय. पोरं माझ्यावर रुसल्यात. माझंच कान बिघडल्यात का?

कराडचा_रसिक

कान शाबूत आहेत, पण तुम्ही अर्ध्यावरच थांबलात. मला तो अख्खा अल्बमच अती वाटतो. करमाळ्याकडची पोरं, उसाची रानं, विहिरीतल्या उड्या, आणि मागे पन्नास व्हायोलिनं! शेतातल्या वस्तीवर झुंबर टांगल्यासारखं. याच जोडीचा 2009 चा 'जोगवा' काढून ऐका. 'जीव रंगला'साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही. आणि 'लल्लाटी भंडार' लागलं की आमच्याकडं सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आलेली म्हातारी माणसं हातातलं काम खाली ठेवतात. 'याड लागलं'ला कुणी काम ठेवलेलं मी तरी पाहिलं नाही.

मिरजेची_सून

कराडकर, ती व्हायोलिनं गावात वाजतच नाहीत हो. ती सिनेमातल्या परशाच्या डोक्यात वाजतात. सतराव्या वर्षी प्रेमात पडलेल्या पोराला आपली विहीर समुद्राएवढीच वाटते. तुम्हाला वाटली नसेल तर तुमचं नशीब.

एक गोष्ट बघा. चारही गाणी ती दोघं पळून जाण्याआधीच संपतात. हैदराबादला गेल्यावर झोपडी, डोशाची गाडी, भांडणं, पण गाणं नाही. पहिल्यांदा बघताना तो भाग मला लांबल्यासारखा वाटला होता. जवळजवळ तीन तासांचा सिनेमा, आणि आमचा मुलगा मांडीवर झोपलेला. शेवटी तर आवाजच काढून घेतलाय. तान्ह्या मुलाची पावलं दिसतात, ऐकू काहीच येत नाही. सिनेमा सुटल्यावर आम्ही सांगलीहून मिरजेपर्यंत गाडीत रेडिओ लावला नाही.

आणि दादा, बेंजोला हमाल म्हणू नका. माझ्या सासरी तंबोरे करतात. 2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले, पण बेंजोला अजूनही आमच्यात कुणी वाद्य म्हणत नाही. तेवढं आमचं चुकतं.

पलूसचा_पॅडवाला

दादा काढू नका. सुपारी जाईल. 2018 ला 'सैराट'वरनं काढलेला हिंदी 'धडक' आला तेव्हा आम्ही हिंदी झिंगाट बसवलं होतं, पब्लिकनं दोन मिनिटांत "आपलं लावा" म्हणून ओरडा केला. शब्द बदलले की पाय अडखळतात. लोकांना तेच पायजे. तुमची 'आताच बया' टेम्पोवर कोण ऐकणार, जनरेटरच्या आवाजात?

बेंजोवाला_विटा

पॅडवाले, तुमचं पोटापुरतं खरं हाय. कराडकर, 'लल्लाटी भंडार' आमच्या यादीत पयल्यापासनं हाय, पण ते जत्रंला. वरातीत वाजवलं तर म्हाताऱ्यांच्या अंगात यायला लागतंय आन् नवरी घोड्यावर ताटकळती.

परवा तासगावच्या अलीकडं एक हळद होती. जनरेटर बंद करायला लावला, पॅड बंद, नुसता बेंजो आन् ढोलकी. 'आताच बया' घेतलं. पयल्या कडव्यापर्यंत बायका आपल्या बोलतच होत्या. मग नवरीची आत्या हळदीचा हात तसाच धरून उभी राहिली, बाकीच्या गप झाल्या. नेमकी ती जागा पुन्हा चुकली, पण बेंजोवाल्याशिवाय कुणाला कळली नसल. तेवढ्यात मांडवाच्या दारातनं मामाचा आवाज आलाच. वाजवलं. तीन वेळा.

ताई, माझ्या बेंजोची वरच्या अंगाची दोन बटणं दाबली की खरखरत्यात, तार पट्टीला घासती. मिरजेत कुणी बघंल का? येत्या बेस्तरवारी तासगावमार्गे खाली येणार हाय.

मिरजेची_सून

या. दीर बघतील. दुपारी दोननंतर या, सकाळी त्यांची भोपळे कापायची गडबड असते. आणि बेंजो टेम्पोत उघडा आणू नका.