वजाबाकीचा कंटाळा आणि ६१७४

हातच्याची वजाबाकी आली की पोरं कंटाळतात. आमच्याकडं परभणी जिल्ह्यात मी चौथीच्या मुलांना ट्रॅक्टरच्या नंबरातले चार आकडे आणायला सांगतो. समजा ३५२४. आकड्यांपासून मोठ्यात मोठी संख्या करायची, त्यातून लहानात लहान वजा करायची: ५४३२−२३४५=३०८७. पुन्हा तेच: ८७३०−०३७८=८३५२ (शून्य सोडायचं नाही, इथंच पोरं चुकतात). मग ८५३२−२३५८=६१७४. चारही आकडे सारखे नसले तर सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतंच! हे देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी शोधलं, हे मुलांना आवर्जून सांगा. सात पायऱ्यांत ६१७४ आलं नाही तर कुठंतरी चुकलंय हे कळतं, मग मुलं स्वतःच चूक हुडकतात. तिसरीला तीन आकडे द्या, तिथं ४९५ येतं.